धांव आणि टायर : वऱ्हाडच्या वाटांवरून

वऱ्हाडांतील बैलगाडीच्या चाकास लोखंडी धांव असे. ती बसविणें हें लोहाराचें काम. गोवऱ्यांच्या आगींत धांव लाल होईपर्यंत तापवावयाची, ती वाढली म्हणजे सांडशीनें उचलून लांकडी चाकावर घालावयाची आणि लगेच पाणी ओतावयाचें. निवतांना ती चाकास अशी आंवळते कीं पुढें बराच काळ तिच्याकडे पाहावयास नको. कापसानें भरलेली बंडी अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या बाजारास नेणाऱ्या शेतकऱ्याला वाटेंत धांव काढून पुन्हां घालण्याची कल्पनाही शिवत नसे. सायकलच्या टायरची गोष्ट येथेंच निराळी होते. तो रबराचा व हवेचा; बाभळीचा एक कांटा त्याला पुरे. म्हणून तो किती वेगानें धांवतो यापेक्षां ज्याचा त्याला वाटेवर उतरवितां व सांधतां येतो कीं नाहीं, या प्रश्नाभोंवतींच त्याचा इतिहास फिरला आहे.

हवेच्या टायरचें पहिलें पेटंट रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉच गृहस्थानें १८४५ सालीं घेतलें. त्याचा टायर घोडागाडीसाठीं होता. बाहेरून कातडें, आंत रबर चढविलेल्या कापडाची नळी. गाड्या चालल्या छान, पण कल्पना लवकरच विस्मृतींत गेली. १८८८ सालीं बेलफास्ट येथील गुरांचे डॉक्टर जॉन बॉइड डन्लॉप यांनीं ती स्वतंत्रपणें पुन्हां शोधून पेटंट मिळविलें. मुलाच्या तीनचाकी सायकलला धक्के कमी बसावेत, एवढाच त्यांचा आरंभींचा हेतु. पुढच्याच वर्षीं विल्यम ह्यूम यानें तसे टायर लावून बेलफास्टच्या शर्यती जिंकल्या आणि भरीव रबराचे दिवस भरले. थॉमसनचें जुनें पेटंट नंतर उजेडांत आलें व डन्लॉपचें पेटंट रद्द ठरलें. नांव मात्र डन्लॉपचेंच राहिलें.

हा टायर चाकाला चिकटविलेला असे, आणि खरी अडचण तीच होती. १८८९ सालीं फ्रान्समधील क्लेरमाँ-फेराँ येथें एक सायकलस्वार निकामी टायर घेऊन मिशेलिन बंधूंच्या रबराच्या कारखान्यांत आला. तो टायर सोडवून दुरुस्त करण्यास तीन तास लागले व डिंक वाळण्यास सारी रात्र गेली, असें सांगतात. दुसऱ्या दिवशीं एद्वार मिशेलिन त्या सायकलवर बसून निघाले, तों थोडक्याच अंतरावर टायर पुन्हां बसला! त्या फजितींतून सुटा होणारा टायर जन्मास आला आणि १८९१ सालीं शार्ल तेराँ यानें त्यावर बसून पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही सुमारें १,२०० किलोमीटरची शर्यत जिंकली.

इंग्लंडांत १८९० मध्यें चार्ल्स वेल्च यानें याहून सोपी युक्ति काढली होती. टायरच्या दोन्ही कांठांत तार घातली, म्हणजे कांठ ताणला जात नाहीं. हवा भरतांच तो रिमला घट्ट धरून बसतो. रिमच्या मधोमध खोलगट पन्हळ ठेवली, म्हणजे हवा सोडून एका बाजूचा कांठ पन्हळींत दाबला कीं दुसऱ्या बाजूस ढील मिळते व टायर निघतो. बहुतेक सर्व सायकलींत आजही हीच रचना आहे. टायर चढवितांना शेवटचा भाग व्हॉल्व्हपाशीं बसवावा, असें अनुभवी कारागीर सांगतो त्याचें कारण हेंच. व्हॉल्व्हजवळ कांठ पन्हळींत उतरत नाहीं, म्हणून तेथें आरंभ केला तर ढील मिळत नाहीं आणि बोटें सोलतात.

वऱ्हाडांत कांट्यांना तोटा नाहीं. बाभूळ, बोर आणि उन्हाळ्यांत धुळींत दडलेला सराटा. लिंबाच्या सावलींत घमेलें, काचकागद, सोल्युशन व रबराचीं ठिगळें घेऊन बसणारा दुकानदार हा या भागांतील रस्त्यांचा खरा रक्षक होय. तो पाण्यांत बुडबुडे पाहून भोंक शोधतो. पण चांगला कारागीर तेथें थांबत नाहीं. टायरच्या आंतून बोट फिरवून तो कांट्याचें टोंक काढतो, नाहीं तर नवें ठिगळ पुढच्या मैलावर वाया जातें.

टायरच्या रबराच्या आंत कापडाचें अस्तर असतें आणि तें पूर्वीं कापसाच्या सुताचेंच असे. अमरावतीच्या नांवावरून वऱ्हाडचा कापूस परदेशच्या बाजारांत ‘ऊमरा’ म्हणून ओळखला जाई. परंतु त्याचा धागा आंखूड, आणि टायरला इजिप्तच्या कापसासारखा लांब धागा हवा. कापसाच्या या माहेरघरास टायर बाहेरूनच आणावा लागला. हुगळीकांठीं साहागंज येथें डन्लॉपचा कारखाना १९३६ मध्यें निघाला. १९४२ च्या आरंभीं मलाया व सिंगापूर जपानच्या हातीं पडलें, रबर दुर्मिळ झालें आणि जुन्याच टायरवर दिवस काढणें आलें. चिरलेल्या टायरमध्यें जुन्या टायरचा तुकडा आंतून घालावयाचा, त्यास सायकलवाले गेटर म्हणतात.

डोंगरी सायकलचा उगम मात्र अमेरिकेंतील जुन्या जाड टायरांत आहे. १९३३ सालीं श्विन कंपनीनें २६ इंची, सव्वादोन इंचांच्या जवळपास रुंदीचे टायर काढले. १९७६ च्या ऑक्टोबरांत कॅलिफोर्नियांतील माउंट तमालपायसजवळ तरुणांनीं तसल्याच जुन्या सायकली उतारावर पिटाळून शर्यत लावली. पुढें त्यांतूनच हा प्रकार वाढला. येथें गिऱ्हाइकानें सावध असावें. ‘२६ इंच’ हें एकच माप नव्हे. डोंगरी सायकलचा नेहमींचा २६ इंची टायर ५५९ मिलिमीटरच्या रिमवर बसतो, तर २६ × १⅜ हा ५९० च्या रिमवर. आणि साध्या सायकलचा २८ × १½ हा ६३५ च्या रिमवर. टायरच्या कडेवरचा मिलिमीटरचा आंकडा वाचावा, इंचांवर विसंबूं नये.

परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढणाऱ्यास, म्हणजे सुमारें १,१०० मीटर उंचीवर जाणाऱ्यास, डांबरी रस्त्यासाठीं बसके व जवळजवळ दाणे बरे. मेळघाटांतील मुरमाच्या वाटांना उंच व विरळ दाणे हवेत. पूर्णाकांठच्या काळ्या चिखलास मात्र कोणताच टायर पुरत नाहीं. तेथें सायकल खांद्यावर घ्यावी. हवा रुंद टायरमध्यें कमी चालते, पण फारच कमी केली तर दगड व रिम यांत चेपून ट्यूबला शेजारीं शेजारीं दोन भोंकें पडतात. अशीं जोडभोंकें दिसलीं तर कांट्यास दोष देऊं नये.

१९९९ पासून ट्यूब नसलेले डोंगरी टायरही निघाले. त्यांत घातलेला रबराचा चीक बारीक भोंक आपोआप बुजवितो, आणि कांट्यांच्या मुलखास याहून सोयीचें कांहीं नाहीं. परंतु अकोल्याच्या उन्हाळ्यांत तो चीक लवकर सुकतो. दर कांहीं आठवड्यांनीं उघडून पाहावा लागतो, आणि पिशवींत एक ट्यूब, दोन पट्ट्या व पंप ठेवावाच लागतो.