ज्ञानी नव्हे, ज्ञानाचा प्रेमी



कलस्सैकरांस पत्रात (२:८) पौल तत्त्वज्ञानाविषयी सावध करतो. एवढ्यावरून आपल्यातले काही जण तत्त्वज्ञानाचे नावच टाकतात. पण मूळ ग्रीक शब्द पाहावा: 'फिलोसोफिया'. 'फिलोस' म्हणजे प्रेमी, मित्र. 'सोफिया' म्हणजे ज्ञान, सुज्ञता. आपला 'तत्त्वज्ञ' म्हणजे ज्याला तत्त्व कळले तो. ग्रीक शब्दात कळल्याचा दावा नाही, फक्त ओढ आहे. मला तो अधिक नम्र वाटतो.

पायथागोरसने हे नाव प्रथम स्वतःला लावले, अशी आख्यायिका सिसरो सांगतो. ती खरी असो वा नसो, प्लेटोच्या 'फायड्रस'मध्ये सॉक्रेटिसही तेच म्हणतो: ज्ञानी हे नाव देवालाच शोभते, माणसाला ज्ञानप्रेमी म्हणावे.

या शब्दाची परीक्षा दुसऱ्या शतकातल्या संत जस्टिनच्या आयुष्यात झाली. जन्म शोमरोन प्रांतातल्या नेआपोलिसचा, आजचे नाबलुस. 'ट्रायफोशी संवाद' या ग्रंथात तो आपल्या गुरूंची हकिकत सांगतो. पहिल्या, स्टोइक गुरूला देवाविषयी काही ठाऊक नव्हते, आणि त्याची गरजही वाटत नव्हती. दुसऱ्याने थोड्याच दिवसांत फी ठरवायला सांगितली. जस्टिनने त्याला तत्त्वज्ञ मानणेच सोडले! तिसरा म्हणाला, आधी संगीत, खगोल आणि भूमिती शिकून ये. चौथा, प्लेटोच्या पंथाचा, त्याला आवडला. मग समुद्राजवळ एकांतात एक वृद्ध भेटला. त्याने विचारले, तू केवळ शब्दांचा प्रेमी आहेस की कृतीचा आणि सत्याचाही? पुढे त्याने संदेष्ट्यांविषयी सांगितले, आणि जस्टिनच्या अंतःकरणात आग पेटली.

ख्रिस्ती झाल्यावरही त्याने तत्त्वज्ञाचा झगा उतरवला नाही. तो झगा घालूनच तो रोममध्ये शिकवू लागला.

इ.स. १६५ च्या सुमारास त्याला नगराधिकारी रुस्तिकसपुढे उभे केले. हा रुस्तिकस स्वतः स्टोइक तत्त्वज्ञ, सम्राट मार्कस ऑरेलियसचा गुरू! म्हणजे ज्ञानप्रेमी म्हणवणारे दोघे समोरासमोर. तुम्ही कुठे जमता, असे त्याने विचारले. जस्टिनने उत्तर दिले की मी एका स्नानगृहाच्या वर राहतो, आणि जो कोणी येईल त्याला सत्याची वचने सांगतो. देवांना बली अर्पण करण्यास त्याने नकार दिला. सहा सोबत्यांसह त्याचा शिरच्छेद झाला. त्यांत खारितो नावाची एक स्त्रीही होती.