फौजी आजोबांना सलामी कोण देणार?

आजचा भाग जरा घरचा आहे, पण पोचणार आहे थेट इराकपर्यंत. तेव्हा शेवटपर्यंत ऐका.

महापे म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? एमआयडीसी, आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारती आणि शिळफाट्याकडे जाताना लागणारं ट्रॅफिक. बरोबर? पण या सगळ्याच्या मागे जुनं गावठाण आहे. आमचे आप्पा, म्हणजे माझ्या आईचे वडील, तिथले. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. एका रात्री झोपेतच गेले.

सकाळी अंगणात माणसं जमली. माझा मामेभाऊ कपाटातला मोठा तिरंगा घेऊन आला. म्हणाला, "आप्पा फौजी होते, तिरंग्यातच न्यायचं." तेवढ्यात आप्पांचे एक सोबती, तेही माजी सैनिक, पुढे आले आणि हळूच म्हणाले, "बाळा, घडी घालून ठेव. असा नाही घालता येत."

भाऊ चिडला. खरं सांगू? मलाही राग आला. टीव्हीवर आपण बघतो ना, तिरंग्यातली शवपेटी, बिगूल, बंदुकीच्या फैरी. मग आप्पांना का नाही?

आधी नियम बघू. शासकीय, लष्करी किंवा निमलष्करी दलांच्या अंत्यसंस्काराशिवाय पार्थिवावर राष्ट्रध्वज घालता येत नाही. १९७१ च्या राष्ट्रीय सन्मान कायद्यानुसार तो गुन्हा आहे आणि तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. ध्वज घालायचा तेव्हाही केशरी पट्टा डोक्याकडे हवा, आणि अग्नी देण्याआधी किंवा दफनाआधी तो काढून घ्यायचा. ध्वज जाळायचा नाही, पुरायचाही नाही. सेवेत असताना गेलेल्या जवानाला लष्करी इतमाम मिळतो. निवृत्त माणसाला तो आपोआप मिळत नाही.

आता इतिहास. जवानाचं पार्थिव गावात येतं, सगळं गाव लोटतं, हे दृश्य आपल्याला फार जुनं वाटतं. पण ते रुळलं १९९९ च्या कारगिल युद्धापासून. १९६२, १९६५, १९७१ या युद्धांत शहीद झालेल्या बहुतेकांचे अंत्यसंस्कार तिकडेच, आघाडीजवळ झाले. घरी आली ती तार, आणि मागाहून सामान. लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर यांचं उदाहरण घ्या. जन्म मुंबईचा, शाळा पुण्यातली, रेजिमेंट पूना हॉर्स. सप्टेंबर १९६५ मध्ये चविंडाच्या रणगाडायुद्धात ते पडले. मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. त्यांच्याच इच्छेप्रमाणे त्यांना रणभूमीवरच अग्नी दिला गेला.

अजून मागे जाऊ. माणगावजवळच्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीत लढताना पडले. वय अवघं बावीस. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, पण समाधी नाही. नाव कोरलंय इटलीतल्या कॅसिनो स्मारकावर. माणगावात मात्र त्यांचा पुतळा आहे. गोव्याच्या रस्त्याने जाल तेव्हा थांबून बघा.

घाडग्यांचं नाव तरी कोरलं गेलं. पहिल्या महायुद्धात काय झालं, ते ऐका. ब्रिटिशांनी १९१७ मध्ये युद्धसमाध्यांसाठी एक आयोग नेमला. तत्त्व सुंदर होतं: हुद्दा, धर्म काहीही असो, प्रत्येक मृत सैनिकाचं नाव जपायचं. पुण्यात खडकीच्या युद्धस्मशानभूमीत गेलात तर हे तत्त्व डोळ्यांनी दिसतं. दुसऱ्या महायुद्धातल्या सोळाशेहून जास्त समाध्या, एकसारख्या दगडांच्या रांगा. पण इराकमधल्या बसरा स्मारकावर ब्रिटिश सैनिकांची नावं कोरली गेली, भारतीयांपैकी फक्त अधिकाऱ्यांची. साध्या भारतीय शिपायांचा नुसता आकडा, अमुक पलटणीचे इतके. मेसोपोटेमियात आपल्या मराठा पलटणीही लढल्या होत्या. म्हणजे तिथे मेलेला कोकणातला, देशावरचा पोरगा त्या भिंतीवर एक आकडा होऊन राहिला. २०२१ मध्ये त्याच आयोगाने अहवाल काढून या भेदभावाबद्दल माफी मागितली. तोवर शंभर वर्षं उलटली होती.

हे वाचलं आणि माझा राग उतरला. बिगूल वाजणं हा मान आहेच. पण त्याच्याही आधीचा मान म्हणजे नाव माहीत असणं. आणि आप्पांची पलटण कोणती, नंबर काय, कुठल्या आघाडीवर होते? घरात एकालाही धड सांगता येईना! शेवटी पत्र्याची ट्रंक उघडली. त्यात डिस्चार्ज बुक सापडलं आणि एका डबीत दोन पदकं.

तर तुमच्या घरात कोणी फौजी असेल तर हे आजच करा. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा पीपीओ, माजी सैनिकाचं ओळखपत्र, पदकांची कागदपत्रं, सगळ्यांचे फोटो काढून ठेवा. पीपीओवर आजीचं नाव बरोबर आहे का बघा, पुढे कुटुंब निवृत्तिवेतन त्यावरच अवलंबून असतं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा नंबर सेव्ह करा. महापेकरांसाठी ते ठाण्यात आहे. शौर्यपदक असेल तर निधनाची खबर देताना ते आवर्जून सांगा आणि काय मान मिळू शकतो ते विचारा. आणि मुख्य म्हणजे, आजोबा आहेत तोवर त्यांच्याशी बोला. मोबाइलवर रेकॉर्ड करा.

त्या दिवशी आप्पांना फैरी मिळाल्या नाहीत. तिरंगा घडी घालून देव्हाऱ्याजवळ ठेवला. पण स्मशानात चार माजी सैनिक पदकं लावून रांगेत उभे राहिले. त्या सोबत्यांनी डिस्चार्ज बुकातून आप्पांचा नंबर, हुद्दा आणि पूर्ण नाव मोठ्याने वाचलं, आणि चौघांनी सॅल्यूट ठोकला. आप्पांचं पूर्ण नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

भेटू पुढच्या भागात.