पूडलची हजामत

पूडल कुत्रा मी पहिल्यांदा पाहिला तो आमच्या साहेबांच्या घरी. अंगात लोकरीचं जाकीट घातल्यासारखी छाती, पायांत केसांचे चेंडू, शेपटीला गोंडा आणि मागची बाजू मात्र चकाचक भादरलेली! साहेबांसमोर हसू दाबताना जीव नकोसा झाला.

पुढे त्याचा इतिहास वाचला आणि ओशाळलो. हा गडी मुळात पाण्यातला शिकारी. त्याचं नावच पाणी उडवण्याच्या जर्मन शब्दावरून आलेलं. मालकाने बंदुकीने पाडलेलं बदक गार तळ्यातून आणायचं, ही त्याची नोकरी. याचे केस फारसे गळत नाहीत, वाढतच राहतात आणि भिजले की जड होतात. म्हणून मागचं भादरायचं. छाती आणि सांधे गारठू नयेत म्हणून तेवढे राखायचे. थोडक्यात, तो युनिफॉर्म होता! पुढे बदकं सुटली, थाट उरला. अठराव्या शतकात पॅरिसच्या पुलावर कुत्री भादरणारे दुकान मांडून बसू लागले.

तेव्हा सगळी मदार कात्रीवर. विजेच्या क्लिपरच्या पेटंटसाठी अमेरिकेत लिओ वाल यांनी अर्ज केला तो 1919 साली. क्लिपर घेताना पात्याचा नंबर मात्र नीट बघावा. 10 नंबरचं पातं दीड मिलिमीटर केस ठेवतं, 40 नंबरचं जेमतेम पाव. आकडा वाढेल तशी शिल्लक कमी! आम्हा पगारदारांना हे समजावून सांगावं लागत नाही.

परवा हेड ऑफिसचे साहेब येणार म्हणून भर मे महिन्यात मी गळ्यात टाय बांधून काउंटरवर बसलो होतो. तेव्हा तो पूडल आठवला. त्याच्या थाटामागे निदान एक तळं तरी होतं.