रायपूरकडची लेखणी, मुंबईचा कॅमेरा

किशोर साहू म्हटलं की मराठी प्रेक्षकाला ‘गाइड’मधला मार्को आठवतो: लेण्यांत रमलेला, बायकोकडे पाठ फिरवलेला पुरातत्त्वज्ञ. जुन्या वाचकांना हे नाव स्नेहप्रभा प्रधान यांच्या ‘स्नेहांकिता’मुळे ठाऊक असतं, दोघांचं लग्न झालं आणि फार टिकलं नाही. दोन्ही ओळखी खऱ्या, पण त्यात मूळ माणूस हरवतो. रायपूरपासून चाळीसेक किलोमीटरवरच्या दुर्गमध्ये १९१५ साली जन्मलेला, नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकलेला हा मुलगा आधी हिंदी कथा लिहीत होता. छत्तीसगढनं सिनेमाला जे दिग्दर्शक दिले त्यांची वाट बहुतेक लेखणीतूनच गेली आणि त्याला कारण होतं, हे साहूंच्या कारकिर्दीकडे पाहिलं की पटू लागतं.

कारण अगदी व्यवहारातलं आहे. कोल्हापूरचं उदाहरण शेजारी ठेवावं. बाबूराव पेंटर नाटकाचे पडदे रंगवत सिनेमात आले, कॅमेरा त्यांनी स्वतः घडवला. दामले आणि फत्तेलाल त्यांच्याच हाताखाली तयार झाले, शांताराम तिथेच पडेल ते काम करत शिकले. १९२९ साली ‘प्रभात’ निघाली ती या कारागिरांच्या जिवावर. रायपूरला असा कारखाना नव्हता. मध्य प्रांताची राजधानी नागपूर, सिनेमाची मुंबई. रायपूरच्या वाट्याला आली ती फक्त थिएटरं. पण कागद होता. माधवराव सप्रे या मराठी घरातल्या माणसानं १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढलं. त्यांची १९०१ची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही हिंदीतली पहिली लघुकथा असं अनेक जण मानतात. टिळकांचं ‘गीतारहस्य’ हिंदीत नेलं तेही याच सप्र्यांनी. ज्या मुलुखात यंत्र नाही पण मासिक आहे, तिथून मुंबईला जाणारा तरुण गोष्टच घेऊन जाणार.

साहू १९३७ साली बॉम्बे टॉकीजच्या ‘जीवन प्रभात’मध्ये देविका राणीसमोर उभे राहिले, म्हणजे दार उघडलं ते चेहऱ्यानं. मग त्यांना लेखक-दिग्दर्शक का म्हणावं? आक्षेप रास्त आहे, पण दार उघडल्यावर माणूस आत काय करतो तेही पाहावं. १९४२च्या ‘कुंवारा बाप’पासून ते दिग्दर्शनाकडे वळले आणि त्या काळात अमृतलाल नागर यांच्यासारखा कथाकार त्यांनी लेखनासाठी जवळ केला. १९४७च्या ‘सिंदूर’चा विषय विधवाविवाह. १९५४ साली त्यांनी ‘हॅम्लेट’ काढला आणि त्याच वर्षी त्यांचा ‘मयूरपंख’ कान महोत्सवात गेला. ‘हॅम्लेट’ पडद्यावर रंगभूमीसारखा दिसतो ही तक्रार मला मान्य आहे. कॅमेऱ्यापेक्षा शब्दावर भरवसा असला की असं होतं. हा दोष लेखकाचाच आहे, आणि म्हणून माझ्या बाजूचा पुरावाही. १९६०च्या ‘दिल अपना और प्रीत पराई’त मात्र तो भरवसा फळाला आला: डॉक्टर, परिचारिका आणि लादलेलं लग्न एवढ्याच सामग्रीवर चित्रपट उभा आहे.

साहूंच्याच ‘नदिया के पार’वर (१९४८) थोडं थांबायला हवं. दिलीपकुमार आणि कामिनी कौशल यांच्या या चित्रपटातल्या बोलीत छत्तीसगढला आपला ठसा ऐकू येतो. गाणी मात्र मोती बी. ए. यांची, भोजपुरी, चाली आपल्या सी. रामचंद्रांच्या. तेव्हा त्याला छत्तीसगढी चित्रपट म्हणणं अभिमानाचं आहे, नेमकेपणाचं नाही. पडद्यावर गावाची बोली चालते एवढं त्यानं दाखवलं, आणि ते थोडं नव्हे.

पहिल्या छत्तीसगढी चित्रपटाचा मान मिळाला मनू नायक यांच्या ‘कहि देबे संदेस’ला, १९६५ साली. रायपूर जिल्ह्यातल्या कुर्रा गावचा हा तरुण मुंबईत महेश कौल आणि पंडित मुखराम शर्मा यांच्या अनुपम चित्र या संस्थेत काम करत होता. तिथे तो लेखनाऐवजी निर्मितीची कामं शिकला, असं कुणी म्हणेल. खरं आहे. पण ते लेखकाचं ऑफिस होतं. घटस्फोट, वेश्येचं लग्न, अनौरस मूल, असे विषय आधी ठरवून मग चित्रपट बांधणारे शर्माजी तिथे बसत. नायक यांनी स्वतः लिहून पलारी गावात जे चित्रित केलं, त्यात दलित सतनामी समाजातला मुलगा आणि ब्राह्मण मुलगी यांचं प्रेम होतं. रफींचं गाणं असूनही गाजावाजा झाला तो गोष्टीचा: रायपुरात लागण्याआधीच विरोध उठला, आणि तेव्हा माहिती व नभोवाणी खातं सांभाळणाऱ्या इंदिरा गांधींनी चित्रपटाच्या बाजूनं मत दिलं.

लेखक-दिग्दर्शक काय छत्तीसगढचेच का, हा शेवटचा आक्षेप. कमाल अमरोही होते, ख्वाजा अहमद अब्बास होते. आपले अत्रे तर ‘श्यामची आई’साठी १९५४ साली पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक घेऊन आले. पण अत्रे नसते तरी मराठी सिनेमाला कोल्हापूरची, पुण्याची, संकलनाच्या टेबलाची वाट होतीच. रायपूरकडून एकच वाट होती. रायपूरचेच हबीब तनवीर मुंबईत लिहून पाहून नाटकाकडे वळले. १९७५ साली श्याम बेनेगल यांनी त्यांच्याच ‘चरणदास चोर’वर चित्रपट केला तेव्हा कॅमेरा पुन्हा बाहेरून आला, नट मात्र इथले. १९७१च्या ‘घर द्वार’नंतर छत्तीसगढी चित्रपट जवळजवळ तीन दशकं थंडावला. मुंबईत पटकथा-संवाद लिहिणारे भानुप्रतापपूरचे सतीश जैन परतले आणि २०००च्या ऑक्टोबरअखेर त्यांचा ‘मोर छइंहा भुइंया’ लागला. १ नोव्हेंबरला राज्य झालं. त्यानंतर रायपुरात कॅमेरे भाड्यानं मिळू लागले, संकलन गावातच होऊ लागलं, आणि दिग्दर्शक व्हायला आधी मुंबईत कुणाला तरी गोष्ट ऐकवावी लागण्याची अट उरली नाही.