थरथर कोणत्या इंजिनाची?

मालवणच्या समुद्रात ट्रॉलरच्या पंख्यात जाळ्याचा तुकडा अडकला की बोट थरथरू लागते, आणि तांडेलाच्या तळपायांना ते लगेच कळतं. तो इंजिन मंद करतो, थरथर उतरते का ते पाहतो. बोटीला इंजिन एकच, तेव्हा दोष कुठे हे शोधायला लांब जावं लागत नाही. 9 ऑक्टोबर 2021 ला मालवणजवळच्या चिपीच्या सड्यावर विमानतळ सुरू झाला आणि मुंबईहून एटीआर विमानं येऊ लागली. त्यांना इंजिनं दोन. विमान हादरलं तर अंगाला हादरा कळतो, पण तो डाव्या इंजिनाचा की उजव्या, हे अंग सांगू शकत नाही. जेट विमानाच्या कॉकपिटातल्या, प्रत्येक इंजिनाचं कंपन वेगळं दाखवणाऱ्या कंपनदर्शकाचं मोल इथे आहे.

त्याचं कूळ जुनं आहे. 1869 मध्ये रँकिन या स्कॉटिश अभियंत्याने लिहिलं, की फिरत्या दांड्याला वेगाची एक हद्द असते आणि तिच्यापुढे तो चालवता येत नाही. स्वीडनच्या द लाव्हालने मुद्दाम बारीक, लवचीक दांडा घेतला आणि टर्बाइन मिनिटाला 30,000 फेऱ्यांपर्यंत पळवलं. हद्द ओलांडल्यावर दांडा उलट शांत झाला! हे असं का होतं, याचं गणित जेफकॉटने 1919 मध्ये नीट मांडलं. आजचं प्रत्येक जेट इंजिन या गणितावर फिरतं. कंपन मोजण्याची युक्ती मात्र क्युरी बंधूंकडून आली. काही स्फटिक दाबले की त्यांत वीज निर्माण होते, हे त्यांनी 1880 मध्ये दाखवलं. असेच स्फटिक असलेला संवेदक इंजिनाच्या कवचावर बसवतात.

पण सुरुवातीच्या उपकरणांवर वैमानिकांचा विश्वास बसला नाही. ती कसल्याही हादऱ्याने काटा हलवत, म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष करण्याची सवय लागली. पुढे इंजिनाच्या फेऱ्यांशी जुळणारंच कंपन गाळून घेणारी यंत्रणा आली. उपकरण सुधारलं, सवय तशीच राहिली.

तिची किंमत 8 जानेवारी 1989 ला मोजावी लागली. हीथ्रोहून बेलफास्टला निघालेल्या ब्रिटिश मिडलँडच्या नव्या कोऱ्या बोइंग 737-400 च्या डाव्या इंजिनातलं पंख्याचं एक पातं तुटलं. विमान हादरलं, धूर आला. वैमानिकांनी उजवं इंजिन मंद केलं आणि थरथर कमी झाली. तांडेलाची कसोटी इथे फसली. इंजिनांचा जोर आपोआप राखणारी यंत्रणा, ऑटोथ्रॉटल, काढल्यामुळे डाव्या इंजिनाचं इंधनही त्याच वेळी स्थिरावलं होतं, म्हणून हादरे ओसरले होते. त्यांनी उजवं, धडधाकट इंजिन बंद केलं. डाव्याचा कंपनदर्शक टोकाला गेला होता, पण ते दर्शक इतके छोटे होते की नजर तिथे ठरली नाही. उजव्या इंजिनात बिघाड असल्याची घोषणा झाली. डावीकडच्या ठिणग्या पाहणारे प्रवासी गप्प राहिले. उतरताना डाव्या इंजिनावर जोर दिला आणि तेही गेलं. केगवर्थ गावाजवळ विमान कोसळलं आणि 126 पैकी 47 जण मृत्युमुखी पडले. मला यात सर्वांत जास्त बोचते ती प्रवाशांची शांतता. त्यांना दिसत होतं, पण वैमानिकाला काय सांगायचं, असं प्रत्येकाला वाटलं असावं.

आपल्याकडेही या मोजमापाची कसोटी लागली. ऑक्टोबर 2019 मध्ये इंडिगोच्या ए320 निओ विमानांतली प्रॅट अँड व्हिटनीची इंजिनं लागोपाठ बिघडली. टर्बाइनची पाती निकामी होत होती आणि इंजिनांचं कंपन वाढत होतं. नोव्हेंबरात हवाई वाहतूक नियामक डीजीसीएने 97 विमानांतली इंजिनं बदलण्यासाठी 31 जानेवारी 2020 ची मुदत दिली, पुढे ती 31 मेपर्यंत वाढवली.

कंपन वाढल्याचा इशारा आला तरी वैमानिक आज लगेच इंजिन बंद करत नाहीत. दोघेही आधी इतर आकडे पाहतात, कोणतं इंजिन ते मोठ्याने बोलून एकमेकांकडून पक्कं करतात, मग त्याच इंजिनाचा जोर हळूहळू कमी करतात. आकडा उतरला आणि बाकीचं सारं ठीक असलं, तर तेच इंजिन मंद चालवत विमान उतरवतात.