१२. ज्येष्ठमध

मजकुरातली ‘गोड काडी’ म्हणजे ज्येष्ठमध, ग्लिसिरायझा ग्लाब्रा या झुडपाचे तंतुमय मूळ. नागपुरात ते इतवारीतल्या काष्ठौषधींच्या दुकानांत मिळते. आयुर्वेदात अम्लपित्तावर त्याचे चूर्ण दुधातून देतात. १९४६ साली डच डॉक्टर रेव्हर्स यांनी जठरव्रणावर त्याचा गुण नोंदवला. पण काही रुग्णांच्या अंगावर सूज आली. तो दोष मुळाला गोडी देणाऱ्या ग्लिसिरायझिनचा. मुळाचा आतला पिवळेपणा मात्र फ्लॅव्होनॉइडांचा; लिक्विरिटिन आणि ग्लाब्रिडिन ही त्यांतलीच. ही द्रव्ये दाह कमी करतात आणि जठरव्रणाला कारण ठरणाऱ्या हेलिकोबॅक्टर जंतूची वाढ रोखतात, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. माणसांवरचा पुरावा अजून तोकडा आहे. उच्च रक्तदाब असणाऱ्याने ही काडी रोज चघळणे मात्र ग्लिसिरायझिनमुळे धोक्याचे.