मुखपृष्ठावरून कोण बघतंय? ‘रोलिंग स्टोन’चे चार अंक

तबकडी घ्यायला येणारा माणूस बहुधा ठरवून दुकानात येतो. मासिकाचं तसं नसतं. स्टॉलवर अंक एकमेकांवर चढलेले असतात, बघणारा घाईत असतो, दिसतो तो वरचा पट्टा आणि एखादा चेहरा. म्हणून नाव वरती, आणि डोळे थेट आपल्याकडे. एवढं तंत्र कुणीही सांगेल. त्याच्या पोटात काय दडलेलं असतं, ते आज आपण एकाच मासिकाचे चार अंक समोर ठेवून बघू.

पहिला अंक ९ नोव्हेंबर १९६७चा, सॅन फ्रान्सिस्कोचा. संपादक यान वेनर, वय २१. किंमत २५ सेंट, कागद वर्तमानपत्राचा. वरचं नाव रिक ग्रिफिन या पोस्टर-चित्रकाराच्या हातचं. त्याच्या लेखी तो नुसता कच्चा आराखडा होता, तोच छापून मोकळे झाले! खाली जॉन लेनन, पण गिटार नाही. डोक्यावर सैनिकाचं शिरस्त्राण, डोळ्यांवर गोल चष्मा. ‘हाऊ आय वन द वॉर’ या चित्रपटातलं हे छायाचित्र. शेजारी बातमी काय, तर माँटेरेच्या संगीत महोत्सवाचे पैसे गेले कुठे? म्हणजे हे मुखपृष्ठ कमी आणि वर्तमानपत्राचं पहिलं पान जास्त. गठ्ठेच्या गठ्ठे परत आले.

वर्षभरानं, नोव्हेंबर १९६८मध्ये, लेनन आणि योको ओनो यांच्या ‘टू व्हर्जिन्स’ या तबकडीवर दोघांचं नग्न छायाचित्र आलं. दुकानदार ती तपकिरी कागदात गुंडाळून विकत होते. ‘रोलिंग स्टोन’नं त्याच जोडीचं पाठमोरं छायाचित्र मुखपृष्ठावर घेतलं आणि अंक हातोहात खपला. दुसरे जे झाकतात ते आपण दाखवायचं, हा धडा मासिकाला तिथे मिळाला. धंद्याचाच धडा तो, उगाच त्याला क्रांतीबिंती म्हणायला नको.

आता ८ डिसेंबर १९८०. छायाचित्रकार ॲनी लीबोविट्झ न्यूयॉर्कला लेननच्या घरी गेली. मासिकाला एकटा लेनन हवा होता. तो म्हणाला, योकोही हवी. लीबोविट्झच्या मनात दोघांनी विवस्त्र बसावं असं होतं; योको तयार होईना, तेव्हा तिनं सांगितलं, मग सगळेच कपडे राहू देत. लेनन उघडा, गुडघे पोटाशी घेऊन काळ्या कपड्यांतल्या योकोला बिलगलेला, असं ते चित्र झालं. त्याच रात्री घराच्या दाराशी त्याचा खून झाला.

२२ जानेवारी १९८१च्या अंकावर ते चित्र आलं. मथळा नाही, आतल्या लेखांची यादी नाही. आणि बघा, लेननचे डोळे मिटलेले! स्टॉलचा नियम इथे साफ मोडला. पण मोडता आला, कारण चेहरा आणि मासिक दोन्ही लोकांना पाठ होते; १९६७मध्ये हे जमलं नसतं. अमेरिकन मासिक-संपादकांच्या संस्थेनं २००५मध्ये चाळीस वर्षांतलं सर्वोत्तम मुखपृष्ठ म्हणून हेच निवडलं. आमचंही मत तेच, फक्त एक टोचणी राहते: शोक आणि विक्री यांच्यात रेघ कुठे मारायची?

ती रेघ २०१३मध्ये पुन्हा पुढ्यात आली. बॉस्टन मॅरेथॉनमधल्या बॉम्बस्फोटांतला आरोपी जोखर त्सारनाएव ऑगस्टच्या अंकावर झळकला. विस्कटलेले कुरळे केस, थेट आपल्याकडे बघणारे डोळे. आतला लेख कष्टानं केलेली शोधपत्रकारिता होती. शिवाय हेच छायाचित्र आधी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर येऊन गेलं होतं, तेव्हा एवढा गहजब झाला नव्हता. पण इथे चेहऱ्यामागे ती अक्षरं होती, आणि त्या अक्षरांखाली शेकडो गायक उभे राहून गेले होते. चौकट तीच, म्हणून हाही पोरगा गायकच दिसू लागला. काही मोठ्या दुकान-साखळ्यांनी अंक ठेवायला नकार दिला. चिडलेल्या एका पोलिस छायाचित्रकारानं अटकेच्या वेळची चित्रं बाहेर दिली: तोच चेहरा, रक्तानं माखलेला, कपाळावर बंदुकीच्या नेमाचा लाल ठिपका. स्टॉलवर त्या अंकाची विक्री मात्र नेहमीच्या दुपटीच्या आसपास गेली.